तांबड्या दिव्यापुढं उजवा हात

डोंगरकडा,
१२ जानेवारी १९७४

पंचफुले, मावशीचा जयभीम घे.

तुझी खुशाली मंग विचारीन, आधी माझं ऐक. चार दिसापासून माझं डोस्कं तापून राहिलं हाय.

आखाडा बाळापूरला तो शेषराव हाय न, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करनारा. तो हैद्राबादला जाऊन आला अन तिथून एक नवीन अक्कल घिऊन आला. त्यानं सागवानाची पेटी केली, मानूस बसंल येवढी. आतून पत्रा ठोकला, दोन्ही बाजूनं तांबडे दिवे लावले. मानसानं आत बसायचं, मुंडकं तेवढं वरून भाईर. बटन दाबलं की धूर न्हाई, राख न्हाई, अन मानूस घामानं निथळून जातो. नाव ठिवलं किरनपेटी. संधिवात जातो म्हनतो, कंबर मोकळी होती म्हनतो, साखर जाती, रगत साफ होतं, भूक लागती. काय होत न्हाई तेवढंच सांगायचं राहिलं.

त्याचं तो करू दे, माझं काय जातं. पर बाजारच्या दिशी त्यानं भोंगा लावून सांगितलं की गावोगावच्या बाया शेगडीवर फडकी तापवून बाळंतिनीला अन लेकराला शेकतात, ते घान काम हाय, आडानी काम हाय. आता डोंगरकड्यात शेकनारी बाई कोन? मीच न. तीस वर्सं झाली. ह्या लोकान्ला माझ्या हातचं पानी चालत न्हाई, पर घरात लेकरू झालं की हाच हात लागतो. त्या हाताला तो घान म्हनला, अन तेबी भोंग्यावरून.

मंग मी गेले. लोकं आत बसत होते अन दहा मिन्टात वरडत होते. पेटीत हात ठिवायची फळी दिव्याच्या लई जवळ हाय, तिथं झळ लागती. मी म्हनलं, शेषराव, मला बसवा. बसले. घाम आला, चांगला आला, खोटं काहून बोलू. पाठीला बरं वाटलं. पर मी उजवा हात फळीवरून उचलला अन दिव्यापुढं चार बोटांवर नेऊन धरला. म्हनलं, या, तुमीबी धरा दुसऱ्या बाजूनं. त्यानं धरला अन शंभर मोजायच्या आत काढला. माझा हात तिथंच. सगळा बाजार त्याला हसला. आमी हळदीच्या कढईवर उभ्या राहनाऱ्या बाया, तव्यावरची भाकर बोटानं उलटनाऱ्या. आमाला दिवा दाखवतो.

शेवटी त्यानंच हात जोडले. म्हनला, जनकाबाई, दर बाजारी इथं या, पेटी किती तापली ते हात लावून तुमीच सांगा, लोकांचा धीर वाढंल. मी व्हय म्हनलं. ज्यानं मला आडानी म्हनलं त्याच्याच पेटीची पारख आता मी करनार.

तू तिकडं दवाखान्यात ह्याच दिव्याचं काम करती. त्यातलं खरं काय अन फेकलेलं काय ते सगळं लिही. त्याच्यापुढं माझी मान खाली जायला नको.

तुझी जनकामावशी


औरंगाबाद,
२४ जानेवारी १९७४

मावशी, तुला पंचफुलाचा जयभीम.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तेव्हा तुझा राग मला नवा नाही, पण भर बाजारात शेषरावाची अशी जिरवशील असं वाटलं नव्हतं. इथल्या दोन नर्सबाईंनाही वाचून दाखवलं. एक म्हणाली, ह्या बाईला इथं बोलाव, आमच्या डॉक्टरांनाही एकदा दिव्यापुढं बसवू.

आता तुझ्या प्रश्नाचं. आमच्याकडे दिवा उघडा असतो, दांडीवर बसवलेला. डॉक्टर त्याला इन्फ्रारेड म्हणतात, पेशंट लाल दिवा म्हणतात. दिसतो त्या उजेडापेक्षा न दिसणारी ऊब त्यातून जास्त निघते. आखडलेला खांदा, धरलेली मान, कंबर, गुडघा, यांना ती चांगली. रक्त फिरतं, स्नायू सैल पडतात, ठणका कमी होतो, मग व्यायाम करता येतो. म्हणजे तुझी शेगडी जे करते तेच, फक्त राख नाही. साखर जात नाही. रक्त साफ होत नाही. घाम येऊन वजन घटतं ते तांब्याभर पाणी प्यालं की परत येतं. गरोदर बाईला, छातीच्या दुखण्याच्या माणसाला, रक्तदाब असलेल्याला बंद पेटीत बसवायचं नाही, हे शेषरावाला माझं नाव घेऊन सांग.

आणि एक गोष्ट आम्ही दिवा लावायच्या आधी करतो. काचेच्या दोन नळ्या घेतो, एकीत गरम पाणी, एकीत गार. पेशंटला डोळे मिटायला सांगून आळीपाळीने जागोजाग टेकवतो आणि विचारतो, कुठली? बराबर सांगितलं तरच दिवा. पहिल्या वर्षी मी आळस केला. एक म्हातारबाबा म्हणाले, मला सगळं कळतं बाई, लावा. मी लावला. त्यांना साखरेचा आजार होता आणि पाय बधिर होता. रुपयाएवढा फोड आला आणि त्यांना पत्ताच नाही. तेव्हापासून कानाला खडा.

म्हणून म्हणते, तुझा हात चार बोटांवर तेवढा वेळ राहिला, हे मला काही बरं वाटलं नाही. दोन बाटल्या घे, कुणाला तरी टेकवायला सांग, डोळे मिट. एवढं करशील ना?

तुझी पंचफुला


डोंगरकडा,
१० फेब्रुवारी १९७४

पंचफुला,

तुला अक्षरं शिकायला मी पाठवलं, तूच मंग घरी येऊन पाटीवर मला शिकवली. त्याच अक्षरानं तू आता मलाच सांगती की तुझा हात तपास. तीस वर्सं मी फडकं शेगडीवर धरते, आधी माझ्या उजव्या तळहाताला लावते, मंगच बाळंतिनीच्या कंबरेला अन लेकराच्या पाठीला. तोच माझा काटा, तेच माझं माप. तुझ्या काचेच्या नळ्या तुझ्यापाशी ठिव.

म्हाताऱ्याला साखर होती, मला काय झालं हाय? पहाटं उठून दोन कोस चालते. हात जरा राठ झाला हाय, करंगळी आखडून राहिली, ते काम करनाऱ्या बाईचं व्हतंच. मनगटाच्या वर एक फिकट डाग हाय, तो शेगडीच्या धगीचा. डाव्या हाताला न्हाई, कारन डावा हात मी धगीवर धरत न्हाई. आता पटलं का?

शेषरावाला तुझं सगळं सांगितलं. गरोदर बायान्ला बसवनं बंद केलं त्यानं, तेवढं ऐकलं. साखरेचं बोललं की कानावर हात ठिवतो. पेटीपुढं आता रांग लागती. मी दिव्यापुढं हात धरते, लोकं तोंडात बोट घालतात. कळमनुरीहून फोटोवाला आला व्हता, माझा हात दिव्यापुढं असा फोटो काढून नेला. त्याचा छापील कागद काढनार हायेत. गावात बाई म्हनून माझा पहिला फोटो छापून येनार, अन तू मला बाटल्यांचं सांगती.

बाळंतपनं सध्या कमी हायेत. मंजुळाबाईच्या सुनेला पोरगी झाली, तिला शेकत व्हते, पर आता तिची तीच बघून राहिली. शेगडीतला कोळसा खराब व्हता.

जनका


औरंगाबाद,
१८ फेब्रुवारी १९७४

मावशी,

हे पत्र मुद्दाम बंद पाकिटात घालते. एकटी असशील तेव्हा वाच.

मी गेल्या वेळी हसत हसत लिहिलं, कारण मला भीती वाटत होती आणि ती तुला कळू द्यायची नव्हती. आता डाग, करंगळी आणि न बसणारा चटका, हे तिन्ही तूच एका पत्रात लिहिलंस. मला आता गप्प बसवत नाही.

असा एक आजार आहे ज्यात कातडीला आणि नसेला रोग लागतो, आधी तिथलं गरम-गार कळेनासं होतं, मग टोचलेलं कळत नाही, मग बोटं वाकतात. माणसाला वाटतं आपण राकट झालो. चटका बसत नाही म्हणून तो निष्काळजी होतो, भाजतो, जखम चिघळते, आणि बोटं जातात ती ह्या जखमांनी. त्याला लोक महारोग म्हणतात. लिहिताना माझा हात थांबला, पण लिहिलं. मी डॉक्टर नाही. माझं चुकलं असेल तर मी डोंगरकड्याला येऊन तुझे पाय धरीन.

पण चुकलं नसेल तर औषध आहे, मावशी. गोळी आहे. काही वर्षं रोज घ्यावी लागते, पण रोग थांबतो. शिवल्याने तो इतका सहज पसरत नाही, आमच्या दवाखान्यातही असे लोक येतात, मी त्यांचे हात धरते. बाळापूरच्या सरकारी दवाखान्यात महिन्याच्या पहिल्या सोमवारी ह्या आजाराची तपासणी करणारा माणूस येतो, मी इथून चौकशी केली.

दोन गोष्टी आजपासून बंद कर. तो हात दिव्यापुढं धरू नकोस. आणि त्या हातावर पारखून कुठल्याही लेकराला शेकू नकोस. कोळशाचं तू काय लिहिलंस ते मला नीट कळलं नाही, आणि कळल्यासारखं वाटतंय म्हणून झोप लागत नाही.

तुझीच पंचफुला


डोंगरकडा,
७ मार्च १९७४

पंचफुला,

तुझं पाकीट चुलीत घातलं. तसा सबुद परत माझ्या घरात लिहून पाठवू नको.

ज्या बाईला तो रोग झाला तिला काय करतात ते तू पाह्यलं न्हाई, मी पाह्यलं हाय. आपल्याच वस्तीत एक व्हती. तिच्या भावानं तिला गाडीत घालून कुडं सोडून दिलं ते कुनाला ठावं न्हाई. तिची भांडी बारवात टाकली. मी तव्हा पोर व्हते, पर मला तिचं नाव अजून आठवतं, कारन ते घ्यायला मनाई व्हती.

माझा हात बराबर हाय. पेटीवर बी जाते अन जानार. शेषराव मला आता तुमी म्हनतो.

ज.


औरंगाबाद,
२० मार्च १९७४

मावशी,

ठीक आहे. ते नाव मी पुन्हा लिहिणार नाही.

पण तू खरी असशील तर मला खोटं पाड. दोन बाटल्या घे. डोळ्यांवर फडकं बांध, पळवाट ठेवू नकोस. दुसऱ्या कुणाच्या हाती बाटल्या दे आणि दहा वेळा टेकवायला सांग. दहाच्या दहा बराबर आल्या तर मला तसं लिही, मी शेषरावाच्या पेटीपुढं उभी राहून भोंग्यावर माफी मागते. नाहीतर माझं म्हणणं तू घाबरून टाळलंस असं मी समजेन. घाबरलेली जनकाबाई मी आजवर पाहिली नाही.

पंचफुला


डोंगरकडा,
२ जून १९७४

पंचफुले,

रेल्वेच्या संपात टपाल अडकलं म्हनतील, पर तुझं पत्र मला येळेवर मिळालं व्हतं. मीच दोन महिने ते गाडग्यात घालून ठिवलं. आता लिहिते. उलटंसुलटं लिहीन, समजून घे.

बाटल्या मंजुळाबाईच्या हाती दिल्या. का तिच्याच हाती, ते पुढं सांगते. औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या, एकीत चुलीवरचं पानी, एकीत रांजनातलं. तिनंच माझ्या डोळ्यावर पदर बांधला. डाव्या हातावर दहा येळा टेकवल्या, दहाच्या दहा मी सांगितल्या. मंग म्हनलं, आता उजव्यावर सुरू कर. मी हात पुढं करून वाट पाह्यली. मी म्हनलं, अगं, टेकव की. ती म्हनली, जनका, सात येळा टेकवल्या.

मी पदर सोडला. तिच्या डोळ्यात पानी व्हतं. माझ्या मनगटावर गरम बाटली तशीच टेकलेली व्हती, अन खालची कातडी लाल झाली व्हती. मला दिसत व्हती, लागत नव्हती.

आता कोळशाचं. कोळसा चांगला व्हता. मंजुळाबाईची नात आठ दिसाची व्हती. मी फडकं तापवलं, माझ्या उजव्या हाताला लावलं, बराबर हाय म्हनलं अन लेकराच्या कंबरेला लावलं. लेकरू असं वरडलं की त्याचा आवाज अजून माझ्या कानातून जात न्हाई. कातडी सुटून आली. सून मला नको नको ते बोलली. मंजुळाबाई मधी पडली, म्हनली, कोळसा लई तापट व्हता, बाईचा काय दोस. गावात तिनं एका सबुदानं सांगितलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई. मी तिसऱ्या दिशी पेटीवर जाऊन, त्याच हाताचा फोटो काढून घेतला.

लेकरू आता बरं हाय, डाग राहील. हे मी तुला फेब्रुवारीतच लिहायला पाह्यजे व्हतं. तू मला घाबरट म्हनलीस ते बराबर हाय.

माझ्या हाताच्या मागच्या बाजूला पेटीचे दोन फोड हायेत, एक चिघळला. तो कव्हा आला ते मला ठावं न्हाई. आता काय करायचं ते नीट लिही. ह्या बारीला चुलीत घालनार न्हाई.

तुझी मावशी


औरंगाबाद,
११ जून १९७४

मावशी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. लेकराचं ओझं एकटीने वाहू नकोस. नळ्या न लावता दिवा लावणारी मीही होते, आणि मला तर शिकवून ठेवलेलं होतं.

१ जुलैला सोमवार आहे. बाळापूरच्या दवाखान्यात जा. तो माणूस तुझ्या कोपराची नस दाबून बघेल, कापसाने डाग तपासेल. गोळी पांढरी असते, डीडीएस म्हणतात तिला. चुकवायची नाही. फोड उकळून गार केलेल्या पाण्याने धू, स्वच्छ फडकं बांध. स्वयंपाक करताना उजव्या हाताला जाड कापड गुंडाळ, चिमटा वापर. गरम काय ते डाव्या हाताला विचारत जा. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, पण आहे तेवढा हात वाचेल.

आता माझं दुसरं ऐक. गावात कुणाला सांगू नकोस. मंजुळाबाई बोलणार नाही. बोटं अजून धड आहेत, बघून कुणाला कळायचं नाही. गोळी घरात, आड बसून घे. शेषरावाला सांग, म्हातारपण आलं, आता जमत नाही. मी इथं बघते ना, बरे झालेले लोक घरी जातात आणि आठ दिवसांत परत येतात, कारण घरचं दार उघडत नाही. मला भित्री म्हण. पण तुझं दार तुझ्यासाठी उघडं राहू दे.

पंचफुला


डोंगरकडा,
१३ ऑगस्ट १९७४

पंचफुले, मावशीचा तुला जयभीम.

तुझं सगळं ऐकलं. एक तेवढं ऐकलं न्हाई.

जुलैच्या सोमवारी गेले. तो मानूस तरना हाय, चष्मेवाला. त्यानं कोपराची नस दाबली अन मला म्हनला, मावशी, लवकर आल्या. गोळ्या दिल्या. कार्डावर माझं नाव लिहिलं, खाली रोगाचं नाव लिहिलं. मी ते दोन येळा वाचलं. तूच शिकवलेली अक्षरं, आता न वाचून कसं चालंल?

येताना बाजार व्हता. शेषरावाला तू सांगितलं तसंच सांगायचं म्हनून गेले, की आता जमत न्हाई. तिथं पोचले तर छापील कागद वाटून राहिले व्हते. त्यावर माझा हात, दिव्यापुढं. खाली लिहिलं, हाताला चटका न्हाई, जिवाला धोका न्हाई. अन पेटीत बसायला कोन हुबं व्हतं? सिद्धेश्वरच्या धरनावर मासे धरनारा संतराम. त्याला साखर हाय हे सगळ्यान्ला ठावं. शेषरावाला हसून सांगत व्हता की, सालभर झालं पायात काटा गेला तरी कळत न्हाई, तुमच्या पेटीनं पाय जागे व्हतील का बघू. शेषराव म्हनला, व्हतील की, जनकाबाईला इचारा.

पंचफुले, मी तिथून गुपचूप घरी यायला पाह्यजे व्हतं, तुझ्या म्हनन्यापरमानं. पर तो मला इचारा म्हनला. माझा हात दाखवून त्या मानसाला आत बसवत व्हता. मला मंजुळाच्या नातीचं वरडनं ऐकू आलं. मी पेटीच्या दारात आडवी झाले अन शेषरावाच्या हातातला भोंगा घेतला. त्याला वाटलं मी पेटीचं गुन गानार. त्यानं हसत दिला.

मी म्हनलं, "ह्या कागदावरचा हात माझा हाय. ह्याला चटका बसत न्हाई, कारन ह्यो हात बधिर हाय. मला महारोग हाय. ज्याला चटका कळत न्हाई त्यानं ह्या पेटीत बसायचं न्हाई."

भोंग्यातून ते किती मोठं ऐकू आलं म्हनून सांगू. चहाच्या दुकानापोतर गेलं असंल. लोकं मागं सरले. माझ्या भोवताली येवढी जागा झाली की बैलगाडी वळावी. संतराम तेवढा हुबा राहिला, आपल्या पायाकडं बघत. मी त्याला सांगितलं, दवाखान्यात जा, तिथं तुझं रगत तपासतील. तो गेला.

शेषरावानं बटन बंद केलं. मला वाटलं आता अंगावर येतो. पर तो खाली बसला अन कागद गोळा करू लागला. म्हनला, जनकाबाई, माझा धंदा बुडवला तुमी. मी म्हनलं, बुडवला न्हाई, तुमच्या पेटीनं कंबर मोकळी व्हती हे मी आजबी सांगते, पर आधी बाटल्या टेकवा, मंग बसवा. ते त्याला झोंबलं. माझ्याशी बोलत न्हाई अजून. पर परवा मंजुळाबाई बघून आली, पेटीपाशी दोन बाटल्या ठिवल्या हायेत त्यानं.

आता गावाचं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली व्हती. दुसऱ्या दिशी पोलीस पाटील अमृतराव चार मानसं घिऊन आले. लांब हुबे राहिले. ओरडून म्हनले, जनका, आमचं तुझ्याशी वैर न्हाई, पर लेकराबाळाचं गाव हाय, तू वढ्याच्या पलीकडं खोपी घालून राहा, भाकर आमी पोचवू.

मी वट्यावर आले. म्हनलं, "अमृतराव, आमची वस्ती आधीच गावाच्या भाईर हाय. आता त्याच्याबी भाईर कुडं काढता मला?"

मी कार्ड काढलं अन वाचून दाखवलं, तारीख, गोळ्या, सही, सगळं. म्हनलं, सरकारचं औषध घेऊन राहिली मी, सरकारला इचारून या अन मंग मला काढा. तुमच्या घरात चार लेकरं मी शेकली, तव्हा कुनी लांब हुबं राहिलं न्हाई. ते गेले. परत आले न्हाईत, पर कुनी बोलावतबी न्हाई. दुकानदार सामान जमिनीवर ठिवतो. हापशावर मी गेले की बाया घागरी उचलून घेतात. वाईट वाटतं ग. खोटं कशाला सांगू, पहिल्या आठवड्यात मी लई रडले, अन तुझा सल्ला ऐकायला पाह्यजे व्हता असंबी वाटलं.

मंग मी ठरवलं. गोळी आड बसून घ्यायची न्हाई. रोज सकाळी, बाया पान्याला जातात त्या येळेला, वट्यावर बसायचं, पानी घ्यायचं, गोळी वर धरायची, सगळ्यान्ला दिसंल अशी, अन गिळायची. कुनी थुंकलं, कुनी तोंड फिरवलं. मी रोज तेच करते. शेकायचं काम मी सोडलं, ते मीच सोडलं, कुनाच्या सांगन्यानं न्हाई. मंजुळाच्या सुनेला शिकवून राहिले. तिचा हात चांगला हाय, चटकन मागं येतो. ती मला अजून नीट बोलत न्हाई, पर शिकती.

आता जे सांगायचं व्हतं ते. मागल्या आठवड्यात भर दुपारी अमृतरावाची बायको द्वारकाबाई आमच्या गल्लीत आली. ह्या बाईचा पाय कधी आमच्या वस्तीला लागला नव्हता. माझ्या वट्याखाली हुबी राहिली, मानंवरचा पदर सरकवला अन पाठ केली. मानंच्या खाली हातायेवढा फिकट डाग. म्हनली, दोन वर्सं झाली, कंगवा लागला तरी कळत न्हाई. घरात कुनालाच ठावं न्हाई. तू जाशील तव्हा माझ्याबी गोळ्या आन, कुनाला सांगू नको.

मी म्हनलं, बाई, अशा आनता येत न्हाईत, ते अंग बघून देतात. तुमाला यावं लागंल. अन मी चोरून नेनार न्हाई, सोमवारी सकाळच्या गाडीनं जाते. ती पदर सारखा करून निघून गेली. मला वाटलं संपलं.

काल दवाखान्याचा दिवस व्हता. पहिल्या सोमवारी पावसानं त्या चष्मेवाल्याची गाडी आली नव्हती, म्हनून त्यानं काल बोलावलं व्हतं. मी गाडीत मागच्या बाकावर बसले. शेजारी कुनी बसत न्हाई, ते आता रोजचं हाय. गाडी सुटायच्या येळेला द्वारकाबाई चढली, नवी साडी, डोक्यावर पदर. कंडक्टरनं पुढची जागा झाडून दिली, पाटलीनबाई इकडं बसा म्हनला. ती पुढं थांबली न्हाई. सगळ्या गाडीतून मागं चालत आली अन माझ्याशेजारी बसली. कंडक्टर तिकिटाला आला तव्हा तिनंच पैसे पुढं केले.

ती म्हनली, "दोन बाळापूर द्या. आमी दोघी गोळ्या आनायला चाललो."

तुझी जनकामावशी